भरणी शून्य

माझ्या घरात सहा वर्षं काहीही बोलत नव्हतं. तुमच्या घरात दार बोलत असेल, फ्रीज बोलत असेल, शेगडी 'दूध उतू जाईल हं' म्हणून सांगत असेल. माझं दूध सहा वर्षं गुपचूप उतू गेलं आणि मी गुपचूप ओटा पुसला.

नियमच तसा होता. आजऱ्याच्या अलीकडे जंगलखात्याची जुनी वसाहत आहे, तिथे आम्ही चाळीस माणसं राहायला आलो तेव्हा प्रत्येकाकडून लिहून घेतलं होतं: यंत्राने रचलेलं एकही वाक्य वाचणार नाही, ऐकणार नाही. फोन नाही, टीव्ही नाही, वर्तमानपत्र नाही, कारण त्यातल्या बातम्याही आता यंत्रच लिहितं. आठवड्यातून दोनदा पोस्टमन येई. पत्र हाताने लिहिलेलं असेल तरच आत घ्यायचं. कागदोपत्री आमचं नाव 'कोरा गट'. आजऱ्याच्या बाजारात मात्र आम्हाला 'सोवळ्यातली माणसं' म्हणत, आणि भाजीवाल्या बायका तोंडाला पदर लावून हसत.

मी उज्ज्वला जाधव. विट्याच्या कॉलेजात अठ्ठावीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. नवरा हणमंत जाधव, एसटीत वाहतूक नियंत्रक. मी त्यांना पहिल्यापासून जाधवच म्हणते, आणि ते मला मास्तरीण. स्टँडवर दिवसभर माईकवरून गाड्या पुकारायची सवय, ती घरीही सुटली नाही. ताटं घेतली की म्हणायचे, जेवणाची गाडी फलाटावर लागलेली आहे, प्रवाशांनी हात धुऊन घ्यावेत. सुरुवातीला हसू यायचं, मग वैताग यायचा, मग त्याच्याशिवाय जेवण जाईना.

आता आमचं काम काय होतं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही आश्रम काढला होता. यंत्रं माणसापेक्षा हुशार होत चालली तेव्हा जाणत्या लोकांना एक भीती वाटू लागली. उद्या ती हाताबाहेर गेली तर माणूसजातच उरायची नाही. भीती खरी की खोटी यावर भांडणं होती, पण आग लागेलच का यावर भांडत बसून कुणी विहीर खणायची थांबत नाही. संशोधन करायचं ठरलं. पण आधी कशावर? यंत्राच्या पोटात काय चाललंय ते बघायचं कसं, हा एक प्रश्न. ते खोटं बोलतंय हे ओळखायचं कसं, हा दुसरा. थांब म्हटल्यावर ते थांबेलच याची खात्री कशी करायची, हा आणखी एक. असे एकेचाळीस प्रश्न होते. हे काम येणारी माणसं मोजकी आणि वेळ त्याहून कमी. चुकीच्या प्रश्नावर दहा वर्षं घालवली तर नंतर पस्तावायलाही कुणी राहणार नाही. म्हणून दरवर्षी त्या प्रश्नांचा क्रम लावायचा: कुठला आधी, कुठला मागून.

हा क्रम लावणारं मोठं मंडळ मुंबईत होतं. तीनशे तज्ज्ञ, सगळे विद्वान. पण आजकाल विद्वान माणूससुद्धा यंत्राला विचारल्याशिवाय चपला घालत नाही. आणि इथेच गोम होती. यादीतला सातवा प्रश्न असा होता: यंत्राचा सल्ला घेता घेता माणसाचं स्वतःचं मत किती सरकतं, ते मोजायचं कसं? पहिल्या वर्षी मंडळाने त्याला तिसरं स्थान दिलं. दुसऱ्या वर्षी नववं. मग एकोणिसावं, मग चौतिसावं. दरवर्षी घसरण, आणि दरवर्षी कारण अगदी पटण्यासारखं. आता यंत्राने तराजूला बोट लावलं होतं की तज्ज्ञच शहाणे होत होते? तराजू खोटा आहे का हे त्याच तराजूवर तोलून कळत नाही, दुसरा लागतो. तो दुसरा तराजू म्हणजे आम्ही. आम्हाला तेच एकेचाळीस प्रस्ताव द्यायचे, आम्ही यंत्राशिवाय क्रम लावायचा, आणि दोन्ही क्रमांमधलं अंतर मोजायचं.

आमचं मत एकमेकांमुळेही सरकू नये म्हणून प्रस्तावांवर आपसात बोलायला बंदी. आणि जी माणसं दिवसभर एकच गोष्ट वाचतात त्यांना त्या गोष्टीवर बोलता येत नसेल तर ती दुसरं काय बोलणार? संध्याकाळी कॅरम खेळायचो. सोंगट्यांचा तेवढा आवाज. जाधव सदस्य नव्हते, नुसते माझ्याबरोबर राहायला आलेले; ते होते तोवर प्रत्येक सोंगटीला 'कोल्हापूरमार्गे बेळगाव' म्हणून पुकारत आणि सगळा व्हरांडा हसे. चाळिसातली माणसं मात्र एकेक करून गळत गेली. कुणाला नातवंडांचा फोन हवा होता, कुणाला नुसताच कंटाळा आला. गट दहाच्या खाली गेला तर त्याचे आकडे ग्राह्य धरायचे नाहीत, असं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. ते मीच सुचवलं होतं, संख्याशास्त्राची बाई ना मी. सहाव्या वर्षी आम्ही बरोबर दहा उरलो. त्याच वर्षीच्या क्रमावर पुढच्या दहा वर्षांचं काम ठरणार होतं.

चौथ्या वर्षी जाधवांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, 'बरं'. पाणी हवं तरी बरं, नको तरी बरं, राग आला तरी बरं. गार्गी, आमची मुलगी, त्यांना पुण्याला घेऊन गेली. तिथे त्यांच्या डोक्यात, मेंदूवर, एक जाळी बसवली. माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा मेंदूत जी हालचाल होते ती ही जाळी पकडते. पण पकडते ती तुटक. पाचांतला एखादा शब्द हाती लागतो. मधल्या जागा भाषेचं यंत्र अंदाजाने भरतं. त्याला तिथले लोक 'भरणी' म्हणतात. भरणी करून झालेलं वाक्य मग मांडीवरच्या डब्यातून ऐकू येतं, अगदी त्या माणसाच्या आवाजात.

म्हणजे माझा नवरा पुन्हा बोलायला लागला आणि मला तो ऐकायची बंदी. कारण त्यातलं निम्म्याहून जास्त वाक्य यंत्राने रचलेलं.

मी तीनदा भेटून आले. गार्गीचं घर भिंतीसकट बोलतं, म्हणून आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बुचाच्या झाडाखाली बसायचो. डबा बंद. जाधव माझ्याकडे बघायचे, डब्याकडे बघायचे, आणि म्हणायचे, बरं. तिसऱ्या खेपेला त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. गार्गी मला रिक्षापर्यंत सोडून लगेच परत फिरली. परतीच्या गाडीत मी स्वतःला सांगत होते की माणूसजातीचा प्रश्न आहे बाई, तुझ्या एकटीचा नाही. माणूसजात काही माझ्या शेजारी येऊन बसली नाही.

मग सहाव्या वर्षी आश्विनात गार्गीचं पत्र आलं. मेंदूत पुन्हा रक्ताची गाठ झाली होती, गुरुवारी ऑपरेशन. डॉक्टरांनी काही हातचं राखून सांगितलं नव्हतं. शेवटच्या ओळीत तिने लिहिलं होतं, बाबा रोज तुझ्याबद्दल विचारतात, निदान एकदा ऐकून जा.

पत्र घेऊन मी डॉ. मुजावरांकडे गेले. वसाहत त्याच चालवत. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला. आमच्या क्रमवाऱ्या बुधवारी दुपारी बाराला सीलबंद होणार होत्या आणि तो सोमवार होता. त्या म्हणाल्या, तुम्हाला कोण अडवणार ताई, जा. पण ऐकलंत तर मला सांगावं लागेल, आणि मग नऊ. एवढंच. बाई मला एक शब्द दुखेलसा बोलल्या नाहीत, तेच जास्त दुखलं.

मंगळवारी सकाळी पार्किंगमध्ये पोचले. गार्गीने चाकाच्या खुर्चीतून जाधवांना आणलं. मांडीवर तो डबा, जेवणाच्या डब्याएवढाच. फार वाळले होते. मी त्यांचा डावा हात धरला आणि गार्गीला म्हटलं, डबा बंदच राहू दे. तेवढ्यात जाधवांनी माझ्या हातातून हात सोडवला, सरकवत सरकवत डब्यापर्यंत नेला आणि कळ दाबली.

मला कानात बोटं घालता आली असती. घातली नाहीत. मला ऐकायचं होतं हो. दोन वर्षं झाली होती.

"उज्ज्वला," डबा म्हणाला, "तू आलीस, मला फार आनंद झाला."

आवाज तोच, स्टँडवरचा. मी तोंडात पदर कोंबून रडले. गार्गीही रडली. डबा बोलत राहिला, किती छान बोलत होता. म्हणाला, तू इतकी वर्षं एकटीने काढलीस याची मला जाणीव आहे. आणि मग म्हणाला, "तुझ्या कामाचं मोल कमी नाही, फक्त त्याची वेळ अजून आलेली नाही. आता घरी ये."

माझं रडणं तिथल्या तिथे थांबलं. ते वाक्य मी वाचलेलं होतं. वसाहतीत, आमच्या हेडक्लार्कांनी हाताने उतरवलेल्या कागदावर, निळ्या शाईत, वळणदार अक्षरात, लांब वेलांट्या असलेलं. सातव्या प्रश्नाच्या प्रस्तावाखाली तीन वर्षं तेच वाक्य होतं: मोल कमी नाही, फक्त त्याची वेळ अजून आलेली नाही.

शिवाय चौतीस वर्षांच्या संसारात जाधवांनी मला उज्ज्वला म्हणून एकदाही हाक मारलेली नाही.

मी गार्गीला विचारलं, ही भरणी किती ठेवली आहेस? नव्वद, ती म्हणाली. मी म्हटलं, शून्य कर.

"आई, शून्यावर काहीच येत नाही गं. एकेका शब्दाला त्यांचा जीव जातो."

"कर."

तिने चकती फिरवली. डबा गप्प झाला. आम्ही वाट बघत बसलो. कुणीतरी मोटार मागे घेत होतं आणि मोटार त्याला खांब जवळ आल्याचं सांगत होती. जाधवांच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, गार्गीचंच खरं, आता पुरे करावं.

"मास्तरीण," डबा म्हणाला.

मग मी त्यांना सगळं सांगून टाकलं. ते वाक्य कुठे वाचलं ते. आमच्या कोऱ्या गटातही यंत्र शिरलेलं आहे ते. पहिली तीन वर्षं मी सातव्याला दुसरं स्थान देत होते, नंतर चौथं दिलं, मग सातवं, आणि या वर्षी स्वतःच्या हाताने अकरावं लिहिलंय ते. मला वाटत होतं मी शहाणी होत चालले आहे. उद्या दुपारी ते सीलबंद झालं की दोन्ही तराजू एकाच बाजूला झुकायला लागलेत असं दिसणार, आणि लोक म्हणणार, बघा, यंत्राच्या सल्ल्याने काहीच सरकत नाही. सातवा प्रश्न कायमचा निकालात. आणि निरोप तरी कसा पाठवणार? वसाहतीत फोन नाही, आणि यंत्रातून आलेली चिठ्ठी मुजावर बाई उघडणारसुद्धा नाहीत. माणसानेच जायला हवं.

"पण मी जात नाही," मी म्हटलं. "जाधव, मी राहते. परवा ऑपरेशन होईपर्यंत इथून हलत नाही."

पाचएक मिनिटं गेली असतील. त्यांची मान थरथरत होती.

"दोनची," डबा म्हणाला.

मग बराच वेळ काही नाही.

"गाडी."

मी मान हलवत होते, नाही, नाही. त्यांनी डावा हात उचलला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"जा."

पुण्याहून आजऱ्याला दुपारी दोनला गाडी आहे. जन्मभर महाराष्ट्राचं वेळापत्रक पाठ असलेला माणूस, त्याच्या डोक्यातलं सगळं गेलं तरी ते उरलं होतं. चार शब्द, आणि त्यांना अर्धा तास लागला. एकाही शब्दात भरणी नव्हती.

मी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "बरं."

दोनची गाडी धरली.

बुधवारी सकाळी थेट देवस्थळींच्या खोलीत गेले. देवस्थळी आमचे हेडक्लार्क. 'सोवळ्यातली माणसं' हे नाव त्यांच्यामुळेच पडलं होतं. यंत्रावर छापलेला कागद सदस्यांच्या हाती पडू नये असा नियम होता, म्हणून सगळे प्रस्ताव ते स्वतः हाताने लिहून काढत. आधी हात धुऊन, वेगळ्या खोलीत, वेगळ्या शाईने. त्या खोलीत झाडूवालीलाही प्रवेश नाही. मूळ छापील कागद बंद कपाटात. घरी देवपूजेला जेवढं सोवळं पाळत तेवढंच इथे. माझ्या माहेरी-सासरी कुणी सोवळं पाळलेलं नाही. यष्टीत कसलं आलंय सोवळं. पण देवस्थळींचा नेम बघून मलासुद्धा बरं वाटायचं.

मी विचारलं, भाऊसाहेब, तीन वर्षांपासून प्रस्ताव पानभराचे झालेत, ते कसे?

ते म्हणाले की चारशे-चारशे पानांचे यायला लागले होते, हाताने कधी उतरणार? म्हणून मुंबईला कळवलं, एका पानाचा सारांश पाठवा. ते पाठवतात, सही-शिक्क्यानिशी. आणि मोठ्या अभिमानाने त्यांनी कपाट उघडून मूळ कागद दाखवले.

"सारांश कोण करतं?"

देवस्थळींनी हातातले कागद पुन्हा एकदा उलटून पाहिले. चांगला माणूस हो, पण त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. "ते," ते म्हणाले, "विचारायचं नियमात नव्हतं."

सोवळं नेसून बाजारची भजी वाढावी, तसं तीन वर्षं चाललं होतं. कागदाला कुणी शिवलेलं नव्हतं, शाई चोख होती, हात धुतलेले होते, आणि प्रत्येक वाक्य यंत्राचं होतं. आणि या सोवळ्यासाठी मी बुचाच्या झाडाखाली नवऱ्याला तीनदा मुका ठेवून आले होते. मी तिथल्याच स्टुलावर बसले. राग कुणावर काढावा तेच समजेना.

अकरा वाजता मुजावर बाईंनी दहाही जणांना एकत्र बसवलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच आम्ही प्रस्तावांवर बोललो. प्रत्येकाने आपले सहा वर्षांचे क्रम मोठ्याने वाचले. पहिली तीन वर्षं सगळ्यांकडे सातवा वरच्या चारांत. मग सगळ्यांकडे खाली, खाली, खाली. आणि प्रत्येकाला वाटलं होतं की आपण एकटेच शहाणे झालो. यंत्राने हे मुद्दाम केलं असं मी तेव्हाही म्हणाले नाही, आजही म्हणत नाही. कदाचित त्याची बोलायची ढबच तशी असेल. माझ्या कामाबद्दलही ते जाधवांच्या तोंडून तेच बोललं, आणि जाधवांना तर यादी ठाऊकसुद्धा नव्हती. पण मुद्दाम असो नाहीतर सहज, आम्ही सरकलो होतो, आणि किती ते आता मोजता येत होतं: तीन वर्षं कोरी, तीन वर्षं नाही, माणसं तीच. सहा वर्षांत सातव्या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर कुठूनही मिळालं नव्हतं, आणि ते आमच्या चुकीतून मिळालं.

कोरा गट त्याच दिवशी बरखास्त झाला. मुंबईच्या मंडळाने नंतर एका सभागृहात, खिसे रिकामे करून, हात वर करून मतं घेतली आणि सातव्याला पहिलं स्थान दिलं. देवस्थळी आता नव्या गटासाठी चारशे पानं मुळातून वाचतात, माणसं बसवून उतरवून घेतात, आणि मला पत्रातून कळवतात की डोळे चालले.

मी आता बाटलेलीच होते, म्हणून गुरुवारी आजऱ्याच्या एका दुकानातून गार्गीला फोन लावला. ऑपरेशन झालं होतं. जाधव वाचले. पण गाठीबरोबर बोलण्याचा भाग गेला. जाळीत काही येत नाही म्हणे. 'बरं'सुद्धा गेलं.

मी पुण्याला राहायला आले त्याला आता वर्ष होईल. माझ्यावर कसलं बंधन नाही. दार बोलतं, फ्रीज बोलतो, शेगडी दूध सांभाळते. एक जाधव तेवढे बोलत नाहीत.

मध्ये एकदा गार्गीने, माझ्यासाठीच बिचारीने, भरणी शंभरावर नेली. पुष्कळ घरांत तशी ठेवतात, ती म्हणाली. आत काही आलं नाही तरी यंत्र त्या माणसासारखं बोलत राहतं, घरच्यांना आधार वाटतो. मी चहा घेऊन गेले तर डबा म्हणाला, उज्ज्वला, चहा फार छान झालाय. जाधव खिडकीबाहेर बघत होते. कप तसाच भरलेला होता. आवाज इतका त्यांचा होता की मी क्षणभर थांबले, खोटं कशाला बोलू. दिवसभर ऐकत बसावंसं वाटलं.

मग मी चकती उलटी फिरवली.

आता रोज दुपारी मी त्यांच्याजवळ बसते. डबा मांडीवर असतो, चालू असतो, भरणी शून्यावर असते. काही येत नाही. पावणेदोन झाले की मी त्यांना सांगते, आजऱ्याची गाडी फलाटावर लागली असेल. मग दोन वाजेपर्यंत आम्ही वाट बघतो.